कमलनगरहून आणलेले डोळे

“मेल्याचं तोंड मेल्याकडं बघून काढावं, डोळं मातर जित्याकडनं आणावं लागतात.” माझा चिक्कप्पा हे वाक्य दिवसातून एकदा तरी म्हणायचा. ब्रश धुताना म्हणायचा, भाकरी मोडताना म्हणायचा. एकदा भालकीच्या कचेरीत कारकुनानं काम काय करता म्हणून विचारलं, तर तिथंही हेच म्हणाला. कारकुनानं लिहून घेतलं, “मजुरी.”

चिक्कप्पा म्हणजे बापाचा धाकटा भाऊ. आमच्या घरात हाका कन्नडमध्ये मारतात आणि भांडणं मराठीत होतात. त्याचं नाव रेवणसिद्धप्पा. येत्या एक जूनला तो सत्तर वर्षांचा होतोय. ही तारीख शाळेच्या मास्तरांनी दिलेली. आमच्या गावात त्याच्या वयाची जेवढी माणसं शाळेत गेली, ती सगळी एक जूनलाच जन्माला आली.

गेल्या वर्षी या तारखेला माझ्या भावानं, वीरेशनं, घराण्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर केकचं चित्र टाकलं. खाली लिहिलं, “आमच्या घराण्याची शान.” बावीस जणांनी हात जोडले. त्या बावीस जणांपैकी एकानंही त्या दिवशी चिक्कप्पाला सुरतेला फोन लावला नाही. म्हणून या वर्षी मी आधीच लिहून ठेवते. ज्यांना शुभेच्छा द्यायच्या आहेत त्यांनी द्याव्यात, पण तो या गावातून कसा गेला ते आधी वाचावं. विसरलो म्हणायची सोय मी ठेवणार नाही.

इथून गेल्यावर सुरतेत चिक्कप्पानं साड्यांच्या काठांची नक्षी काढली. आता ती कॉम्प्युटर काढतो. तो एका खोलीत राहतो, आसपासच्या पोरींना चित्र शिकवतो, आणि दर सोमवारी मला फोन करतो. तूर कशी आहे, विहिरीला पाणी किती आहे, सगळं विचारतो. घरातल्या कुणाचं नाव घेत नाही.

इथं असताना तो पेंटर होता. कुणाकडं शिकला नाही. खटकचिंचोळीच्या बाजारात बियाणांच्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या होत्या, वर कन्नड, खाली मराठी. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर तो बैलजोडी काढायचा. त्या बैलांच्या अंगाला वळण असायचं, मान वळवून ते आपल्याकडं बघतायत असं वाटायचं. पुढं फ्लेक्स आले आणि पाट्यांचं काम गेलं. मेलेल्या माणसांचं काम मात्र राहिलं.

आमच्यात माणूस गेला की त्याला आडवं ठेवत नाहीत. आंघोळ घालतात, कपाळाला विभूती लावतात, नवं वस्त्र नेसवून भिंतीला टेकवून बसवतात. समोर भजन चालतं. मग बसवलेलंच नेतात आणि बसवलेलंच मातीत उतरवतात. त्या मधल्या दोन-तीन तासांत चिक्कप्पा समोर मांडी घालून बसायचा आणि पेन्सिलीनं तोंड उतरवून घ्यायचा. रडारड चाललेली असायची, कुणी त्याच्या पाठीवर पडायचं, त्याचा हात थांबायचा नाही. पुढं आठ-दहा दिवसांत त्याचं रंगीत चित्र व्हायचं आणि शिवगणाराधनेला, म्हणजे अकराव्या दिवशीच्या जेवणाला, ते हार घालून मांडायचे.

पण डोळे तर मिटलेले. म्हणून तो घरातल्या सगळ्यांना अंगणात उजेडाला उभं करायचा. थोरल्यापासून रांगत्या लेकरापर्यंत. एकेकाच्या समोर उभा राहून गेलेल्या माणसाची एखादी गोष्ट सांगायला लावायचा आणि सांगताना डोळे बघायचा. ज्याचे डोळे जुळले त्याचे घ्यायचे. बघता बघता पंचक्रोशीत हा रिवाजच झाला. ज्याचे डोळे निवडले त्याला त्या घरात वेगळा मान. अकराव्या दिवशी पहिला हार त्यानं घालायचा.

खटकचिंचोळीचे तुरीचे व्यापारी बंडेप्पा, त्यांची आई रुद्रम्मा गेली तेव्हा बंडेप्पा धरून तिचे चार मुलगे इस्त्रीचे शर्ट घालून ओळीत उभे राहिले होते. चिक्कप्पानं चौघांना बघितलं आणि आत चुलीपुढं भाकरी थापत बसलेल्या मुलीच्या मुलीला बाहेर बोलावलं. बंडेप्पा सहा महिने त्याच्याशी बोलले नाहीत. पण चित्र बघून म्हणाले, आई माझ्यावर अशीच डाफरायची. तसंच भिंतीला लावलं. परक्या माणसाला जे पचलं, ते आमच्या घराला पचलं नाही.

आता आमचं घर. माझे अज्जा, बसवंतप्पा. थोरला मुलगा लिंगराज, म्हणजे माझे अप्पा. धाकटा चिक्कप्पा, त्याची बायको लग्नानंतर चौथ्या वर्षी गेली, मूल नव्हतं. आणि दोघांच्या पाठीवरची शिवलीला, माझी आत्या. घरात तिला लीला म्हणायचे, म्हणजे म्हणणं बंद व्हायच्या आधी.

आमच्या विहिरीची मोटार जळाली की कमलनगरहून राम नावाचा एक मराठा मुलगा तिच्यात नवी तार भरून द्यायला यायचा. लीलाआत्यानं त्याच्याशी बिदरला जाऊन लग्न केलं. अज्जांनी आणि अप्पांनी तिला सोडून दिलं. सोडलं म्हणजे पुरतं. तिचं ताट कामवालीला दिलं, तिची पेटी रस्त्यावर ठेवली.

आमचे लोक दरवर्षी जीप करून बसवकल्याणला जातात. त्या गावात साडेआठशे वर्षांपूर्वी जात न बघता एक लग्न लागलं आणि त्यापायी केवढा आकांत झाला, ते अप्पा आम्हाला परतीच्या जीपमध्ये घर येईपर्यंत सांगायचे. घरी आल्यावर कुणी आत्याचं नाव काढलं की पुढ्यातलं ताट ढकलायचे. दोन्ही मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे, एकाच दिवशी.

दोन हजार नऊच्या माघात अज्जा गेले. फोटो काढून घेणं त्यांना आवडायचं नाही. मतदान कार्डावरचा तेवढा होता, त्यात उन्हामुळं डोळे बारीक केलेले. त्यांना बसवलं, भजन सुरू झालं आणि चिक्कप्पा स्वतःच्या बापापुढं मांडी घालून बसला. तोंड उतरवलं. लीलाआत्या त्या दिवशी आली होती. जीपवाल्याकडून तिला कळलं होतं. वीरेशनं तिला वेशीपाशीच थांबवलं. तिथंच उभ्यानं तिनं बापाला जाताना बघितलं.

दुसऱ्या दिवशी चिक्कप्पानं आम्हा सगळ्यांना अंगणात उभं केलं. अप्पा पहिले. त्यांनी धोतर नवं नेसलं होतं. चिक्कप्पा त्यांच्यासमोर बराच वेळ थांबला. मग वीरेश, मग मी, मग आरशात स्वतः. शेवटी म्हणाला, यातले कुणाचेच नाहीत.

अप्पा म्हणाले, “मी थोरला हाय. माझं काढ.”

“तुझं अव्वाचं हायत, अण्णा. गोल. मऊ. आपल्या अप्पाचं तसं नव्हतं.”

आईवर गेलास, बापासारखा नाहीस, हे अप्पांना साठीत पहिल्यांदा कुणीतरी तोंडावर सांगितलं. ते आत गेले आणि दार लावून घेतलं. माझ्या मते भांडण तिथंच सुरू झालं, लीलाआत्याच्या आधी.

मी लग्न होऊन बसवकल्याणला दिलेली, माहेरी अकरा दिवसांसाठी आलेली. चिक्कप्पा मला म्हणाला, चल, भालकीला रंग आणू. भालकीला आम्ही रंग घेतला आणि तो मला कमलनगरच्या बसमध्ये बसवून घेऊन गेला.

रामचं दुकान पुढं, घर मागं. दुकानात तांब्याच्या तारेची रिळं, जळक्या वार्निशाचा वास. रामनं आम्हाला बघितलं, हातातलं काम ठेवलं आणि मागचं दार उघडून दिलं. वीस-एकवीस वर्षांनी मी आत्याला जवळून बघितलं. तिनं मला ओळखलं नाही. चिक्कप्पाला ओळखलं, पण बस म्हणाली नाही.

चिक्कप्पानं कशाला आलो ते सांगितलं. आत्या हसली. चांगलं हसणं नव्हतं ते.

“माझं डोळं त्या घरात न्यायलास. मला कामून न्यायला न्हाईस?”

“तुला न्यायची ताकद न्हाई माझ्यात. डोळं न्यायची हाय.”

“आजवर किती येळा आलास रे ह्या दारात?”

चिक्कप्पा एकदाही गेला नव्हता. तेही मी इथं लिहिते, कारण त्याच्यावर माया आहे म्हणून त्याचं झाकायचं असं नाही. तोही आमच्याच घरातला होता.

मग त्यानं कागद काढला आणि बापाची एखादी गोष्ट सांग म्हणाला. काय सांगू, ती म्हणाली. लग्नानंतर एकदा भालकीच्या बसस्टँडवर बाप दिसला होता. मी पाया पडायला वाकले, त्यानं पाय मागं घेतला, आणि माझ्याकडं असं बघितलं की मी वाकलेलीच राहिले. सांगताना तिचा आवाज वर गेला नाही. डोळे मात्र बारीक झाले, कडा ताणल्या, आणि एक भुवई जराशी खाली आली. मी हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला. माझे अज्जा समोर बसले होते.

चिक्कप्पाचा हात चालू होता. अर्ध्या तासात झालं.

निघताना तिनं विचारलं, कुणी बदललं तर? चिक्कप्पा म्हणाला, कुणी हात लावणार नाही. अकराव्या दिवशी गाव चित्राच्या पाया पडेल, अण्णासुद्धा पडेल, म्हणजे तुझ्यापुढंच वाकतील सगळे.

“आन् लावला हात तर?”

“तर मी त्या घरात ऱ्हाणार न्हाई.”

तिनं त्याला बस म्हणून तेव्हा सांगितलं. पण आमची बस निघायची वेळ झाली होती.

पुढचे दिवस चिक्कप्पा गोठ्यात बसून रंगवत होता. बैलांच्या पलीकडं पडवीत त्याची जागा होती. गोणपाट लावून घेतलं होतं, कुणाला बघू देत नव्हता. दहाव्या दिवशी दुपारी त्यानं चित्र ओसरीत आणून खुर्चीवर ठेवलं. माझी आई कणीक घेऊन चालली होती. तिनं चित्र बघितलं आणि दोन्ही हात भरलेले असताना कोपरानं डोक्यावरचा पदर सारखा केला. सासऱ्यापुढून जाताना तीस वर्षं करायची तसा. चित्राला याहून मोठी पावती कुणी दिली नसेल.

अप्पा आले. बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, “ही लीला हाय.”

चिक्कप्पा म्हणाला, आपला बापच आहे, डोळे लीलाकडून आणलेत. त्यानं लपवलं नाही. लपवता आलं असतं. मी तर त्याला बसमध्ये सांगितलंही होतं की विचारलं तर माझे म्हण.

मग जे झालं ते सगळं लिहीत नाही. अप्पांनी त्याच्या मेलेल्या बायकोपर्यंत सगळं काढलं. वीरेश म्हणाला, घरात आयतं खाऊन भिंती खराब करण्यापलीकडं यानं केलं काय. उद्या पाहुण्यांसमोर जातीबाहेर गेलेलीला घरात आणून बसवायलास का, असं अप्पांनी तीनदा विचारलं. डोळे बदल, आजच्या आज, माझे काढ, नाहीतर मतदान कार्डावरचे काढ. चिक्कप्पानं एकच सांगितलं, की बापाला तो खोटा काढणार नाही. भजनाचे मृत्युंजय स्वामी दुसऱ्या दिवशीचं विचारायला आले होते. अप्पांनी त्यांना मध्ये घातलं. स्वामींनी चित्र बघितलं, हात जोडले, म्हणाले, बसवंतप्पाच हाईत की. अप्पांनी त्यांना त्या दिवशी चहासुद्धा विचारला नाही.

अकराव्या दिवशी सकाळी अप्पांनी चिक्कप्पाला आणखी पत्रावळी आणि हार आणायला खटकचिंचोळीला पाठवलं. आवाज एकदम मऊ होता. तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं.

अज्जा जायच्या दोन वर्षं आधी फुकटच्या शिबिरात त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. तिथं त्यांना काळा चष्मा दिला होता. पंधरा दिवस घालून त्यांनी तो फेकून दिला. वीरेशनं चिक्कप्पाच्या डब्यातला काळा ऑइल पेंट घेतला, चिक्कप्पाचाच ब्रश घेतला, आणि अज्जांच्या डोळ्यांवर काळा चष्मा काढला. दोन वाटोळे आणि मध्ये एक काडी. कानाकडच्या काड्या काढायला जमलं नाही म्हणून सोडून दिल्या.

मी बघितलं. ओसरीत पोळ्या लाटत होते, समोरच होतं. माझी सासू शेजारी बसली होती. मी बोलले नाही. लाटणं चालू ठेवलं. या लिखाणात मी ज्यांच्यावर तोंड टाकते आहे, त्यांच्यात मला धरा.

पाहुणे आले. हार अजून यायचा होता, पण लोक एकेक करून वाकायला लागले. कुणी चित्राकडं बघून थबकायचं, कुणी पोरांना हसू नका म्हणून चिमटा काढायचं. मृत्युंजय स्वामींनीच विचारलं.

“ह्यास्नी चष्मा कधी लागला?”

“ऑपरेशनचा हाय,” अप्पा म्हणाले. “डाक्टरनं दिल्ता.”

आजही ओसरीत ते चित्र तसंच आहे. वीरेशची पोरं त्याला हिरो अज्जा म्हणतात. नव्या सुनांना ऑपरेशनची गोष्ट सांगतात.

चिक्कप्पा दुपारी बाराच्या सुमारास आला. पहिली पंगत बसली होती. डोक्यावर पत्रावळींचा गठ्ठा, हाताला हाराची पिशवी. गठ्ठा मला दिला. हार घेऊन चित्राकडं गेला आणि तिथंच थांबला. वाढणारे थांबले. जेवणारे थांबले नाहीत.

त्यानं बोट पुढं केलं आणि चष्म्याच्या एका वाटोळ्याला लावलं. रंग ओला होता, बोट काळं झालं. ते त्यानं शर्टाला पुसलं. वीरेश दोन पावलं मागं सरला, त्याला वाटलं हा टर्पेंटाइन आणायला जाईल, नाहीतर अंगावर येईल. अप्पा आचाऱ्याजवळ उभे होते. त्यांनी मोठ्यानं सांगितलं की आधी जेवून घे, मग काय ते बोलू.

चिक्कप्पानं हार चित्राला घातला. नीट घातला, दोन्ही बाजू सारख्या केल्या. मग वाकून पाया पडला. उठला आणि अप्पांकडं वळून बोलला, सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं.

“पुसू नका अण्णा. जलमभर असंच ऱ्हाऊ द्या. पुसलं तर खाली तीच हाय.”

वीरेश पुढं आला. म्हणाला, “जा की मग तिच्याकडं. दोन दिस भूक लागली की येतोस परत.”

चिक्कप्पा गोठ्यात गेला. ब्रशांची पिशवी, दोन शर्ट, एक चादर एवढं घेतलं. बैलाच्या पाठीवर हात ठेवून जरा उभा राहिला. रंगाचे डबे तसेच ठेवले, त्यांची झाकणं मात्र दाबून बसवली. बाहेर पडताना माझ्याजवळ आला, डोक्यावर हात ठेवला. मी म्हटलं, “चिक्कप्पा, कुठं जायलास?”

“आधी कमलनगरला. तिला सांगायला पायजे.”

मग तो निघाला. आमच्या घरापासून फाट्यापर्यंत सरळ गाडीवाट आहे, दोन्ही बाजूंना तूर. तूर काढून झाली होती, नुसते खुंट उरले होते, त्यामुळं माणूस लांबपर्यंत दिसत होता. तो भराभर चालला नाही. मागंही बघितलं नाही. उन्हात शर्टावरचा तो काळा डाग मागूनही दिसत होता, कारण बोट त्यानं बगलेखाली पुसलं होतं.

पंगतीतली माणसं बसल्या जागेवरून मान लांब करून बघत होती. अजून पोळी वाढायची होती म्हणून कुणी उठलं नाही. मी तुपाचं भांडं घेऊन दारात होते. आई माझ्या मागं, खांबाला धरून.

अप्पा वर वाळत घातलेल्या शेंगा बघून येतो म्हणून शिडीनं माळवदावर चढले. वर शेंगा नव्हत्या, आदल्या दिवशीच मी खाली आणल्या होत्या. फाटा मात्र तिथून दिसतो. फाट्यावर चिक्कप्पा बाभळीखाली थांबला. पाव तासानं बस आली, धुरळा उठला, बस गेली. वरून पावलांचा आवाज आला नाही. आईनं दोनदा हाक मारली. शेवटी पाहुणे ताटकळले म्हणून आम्ही दुसरी पंगत अप्पांशिवाय बसवली.